सापडला हो, सापडला

माईक हातात आला की ते आधी डाव्या हाताने कान झाकायचे, मान वर करायचे आणि म्हणायचे, "ऐका हो ऽऽ! हातातलं काम ठिवा आन ऐका!" पाणी सुटणार असो, लसीकरण असो की कुणाची शेळी हरवलेली असो, सूर तोच. हरवलेल्या शेळीचं वर्णन तर ते असं करायचे की वाटावं, गावातून एखादी मोठी असामीच निघून गेली आहे.

पारनेर तालुक्यातल्या त्या गावी मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. शहरातून रोज एसटीने जायचं आणि यायचं. ग्रामपंचायतीचं कार्यालय शाळेच्या बरोबर समोर. ते तिथले कर्मचारी. पाणी सोडायचं आणि भोंग्यावरून गावाला खबर द्यायची, ही त्यांची कामं. सगळे त्यांना भोंगेवाले म्हणत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. चेहरा पुढे धूसर होतो, आवाज मात्र जसाच्या तसा राहतो.

त्या आवाजाचा त्यांना अभिमान होता, जरा जास्तच. भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर, खिशात खडीसाखर. कुणी उसाचा रस पुढे केला की हात आडवा करायचे. "नगं, बर्फ हाय त्यात. गळा बसला तर गावाला पानी कोन सांगल?"

कालव्याचं पाणी आलं तसा ऊस वाढला, आणि उसात बिबटे राहू लागले. आधी गावातली कुत्री कमी झाली. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग वस्त्यांवरची वासरं जाऊ लागली. एका सकाळी शाळेच्या नळापाशी ओल्या मातीत पंजाचे ठसे उमटलेले होते आणि मुलं त्यात आपापले हात ठेवून मापं घेत होती. मी त्यांना ओढून आत नेलं. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीतही आम्ही वर्गाची दारं लावून घेऊ लागलो. उसाला वारा लागून सळसळ झाली, की वर्ग आपोआप गप्प व्हायचा.

त्याच आठवड्यात भोंगेवाले शाळेत आले. "बाई, मला एक पेज काढून द्या. भोंगा गावठानाच्या भायेर ऐकू जात न्हाई. वस्त्या समद्या उसात. पर फोन तर परतेकाकडं हाय."

तोवर आमच्या भागात बिबट्या म्हटलं की लोक एकच पेज उघडत. शहरातला एक तरुण. काळी जीप, ड्रोन, मागे लाखो लोक. सगळे त्याला दादा म्हणत. त्याच्या रीलमध्ये बिबट्या रोज दिसे. कधी तो भलत्याच राज्यातला असे, कधी संगणकावर बनवलेला. संगीत असं की बसल्या जागी अंगावर काटा यावा. भोंगेवाल्यांच्या पहिल्या व्हिडिओत उसाचा बांध होता, त्यांचा स्वतःचा अर्धा अंगठा होता आणि बिबट्या कुठेच नव्हता. "बघितलेलं सांगतोय, ऐकलेलं न्हाई. खालच्या वस्तीपाशी ताजं ठसं हायेत. पोरं आत घ्या." एवढंच. पाहणारे आम्ही शाळेतले शिक्षक आणि ग्रामसेवक.

मी म्हटलं, "दादाच्या पुढे आपलं कोण बघणार?"

"त्याला लाख जन बघत्यात, बाई. त्यातलं आपल्या कालव्यावर ऱ्हातंय कोन? मला लाख नगंत, आपल्या वस्त्या पायजेत."

मग ते सायकलवरून गावोगाव हिंडले. एका गावात शेळ्यांचं पेज चालवणारी बाई होती, दुसरीकडे पापड करणारा बचत गट, कुठे भजनी मंडळ, कुठे ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. सगळी अशीच लहान पेजं, घरच्यांपलीकडे फारसं कुणी न पाहिलेली. भोंगेवाल्यांनी प्रत्येकाशी ठरवून टाकलं, "माजं तुमी दाखवा, तुमचं मी दाखवतो." व्हिडिओ दुपारी, बाया जनावरांसाठी घास कापायला निघायच्या आधी टाकायचा. पहिला शब्द वस्तीच्या नावाचा, कारण आपलं नाव कानावर पडलं की बोट थांबतं. कुणी काही विचारलं तर उत्तर बोलून द्यायचं, त्याचं नाव घेऊन. एकदा त्यांनी बचत गटाच्या पापडाची जाहिरातही बिबट्याच्या खबरीच्याच सुरात केली. "ऐका हो ऽऽ! उडदाचं पापड आलं हायेत!" बायका हसून बेजार झाल्या. काही घरांनी म्हणे ऐकताक्षणी आधी दारं लावून घेतली.

हळूहळू कालव्याच्या दोन्ही अंगांच्या वस्त्यांमध्ये दादापेक्षा त्यांचं पेज जास्त पाहिलं जाऊ लागलं. माझ्या तिसरीच्या वर्गातल्या एका मुलीची आई, मंदा, शाळेत आली की सांगायची, "बाई, भोंगेवालं मामा जा म्हनल्याबिगर म्या घासाला जात न्हाई. शेळ्या उपाशी ऱ्हायल्या तरी चालंल."

हे दादाच्या कानावर गेलं असणार. एका दुपारी काळी जीप ग्रामपंचायतीपुढे थांबली. मुलं खिडकीत गोळा झाली. दादा खाली उतरला, भोंगेवाल्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "मामा, तुमचा आवाज म्हणजे सोनं आहे. हा आवाज चार वस्त्यांत कशाला अडकवताय? आपण दोघं मिळून करू. तुमचं नाव अख्ख्या महाराष्ट्रात जाईल."

भोंगेवाल्यांनी मफलर सारखा केला. त्यांचा चेहरा मी व्हरांड्यातून पाहत होते. एवढे खूश ते मला कधीच दिसले नव्हते.

रेकॉर्डिंग शाळेच्या पटांगणातच झालं. दादा वाक्यं सांगायचा, ते बोलायचे. "बिबट्या दिसला हो!" मग, "घराबाहेर पडू नका!" मग, "सापडला हो, सापडला! आता भिऊ नका!"

"पर सापडला कुटं?" त्यांनी विचारलं.

"असू द्या हो मामा, पुढेमागे लागेल. एकदाच घेऊन ठेवतो."

ते बोलले, पण सवयीने पुढे जोडलंच, "बघितलेलं सांगतोय, ऐकलेलं न्हाई."

दादा हसला. "तेवढं काढू या. लांबतं."

भोंगेवाले हातातल्या माईककडे पाहत म्हणाले, "काढा." मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पुढचे काही दिवस त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. कोल्हापूरहून, नांदेडहून लोक लिहीत होते. त्यांना प्रत्येकाला नाव घेऊन उत्तर द्यायचं असे, पण ते आता जमेना. पाण्याची खबर एक-दोनदा राहून गेली. शेळ्यांच्या पेजवाल्या बाईने फोन केला, तर म्हणाले, "सांजच्याला करतो," आणि विसरले. इकडे खालच्या वस्तीवर एका दुपारी दारातून वासरू गेलं. वनखात्याने तिथे पिंजरा लावला. पिंजरा रिकामाच राहिला. उसात काहीतरी आहे आणि ते आपल्याकडे पाहतंय, असं दिवसाउजेडी वाटायचं.

मग तो दिवस आला. भोंगेवाले पंपाचा सुटा भाग आणायला पारनेरला गेले होते. दुपारी दादाच्या पेजवर रील आलं. पिंजऱ्यात गुरगुरणारा बिबट्या, खाली आमच्या भागाचं नाव, आणि वर तो ओळखीचा आवाज. "सापडला हो, सापडला! आता भिऊ नका!" आमच्याही फोनवर ते आलं. मुख्याध्यापक म्हणाले, "सुटलो बुवा." मुलांनी दारं उघडली. कित्येक दिवसांनी पटांगणात खेळ सुरू झाला.

मंदा विळा घेऊन कालव्याकडेच्या घासात गेली.

ती सापडली तेव्हा ऊन अजून होतं. तिची मुलगी माझ्या समोरच खेळत होती. तिला आत बोलावून जवळ बसवलं तेवढंच मला आठवतं. पुढे काय बोलले ते आठवत नाही.

भोंगेवाले एसटीतून उतरले तेव्हा स्टँडवर अख्खं गाव उभं होतं. कुणी शिवी दिली नाही, कुणी अंगावर गेलं नाही. मंदाच्या दिराने फक्त फोन पुढे धरला आणि त्यांना त्यांचाच आवाज ऐकवला.

"ह्यो मी न्हाई," ते म्हणाले. मग हातातला पंपाचा भाग खाली ठेवून म्हणाले, "मीच हाय. पर आज म्या बोललो न्हाई. आईच्यान, आज न्हाई."

दादाला तिथूनच फोन लावला. तो शांत होता. "मामा, रील आहे ते, बातमी थोडीच आहे? खाली लिहिलंय ना, मनोरंजनासाठी म्हणून. लोकांनी वाचायला नको?" रील त्याने काढलं नाही. मंदा गेल्याची बातमी पसरली तसे ते आणखी लोक पाहू लागले.

त्या सगळ्या लहान पेजांनी मात्र त्यांची साथ सोडली नाही. दुसऱ्या दिवशी भोंगेवाल्यांनी खरं काय ते सांगणारा व्हिडिओ केला. शेळ्यांच्या बाईने तो लावला, पापडवाल्यांनी लावला, भजनी मंडळाने लावला. दिवस मावळायच्या आत तो कालव्यावरच्या प्रत्येक वस्तीत पोचला. पोचण्यात काहीच कमी पडलं नाही. पण त्यांचा आवाज सुरू झाला की लोक फोन पालथा घालत होते.

काही दिवसांनी पाण्याची खबर द्यायला त्यांनी माईक घेतला. "ऐका हो ऽऽ" एवढं झालं आणि माझ्या वर्गात मंदाच्या मुलीने दोन्ही कानांवर हात दाबले. डोळेही मिटून घेतले. खिडकी उघडी होती. समोरच्या पायरीवरून त्यांनी ते पाहिलं. भोंगा मधेच बंद झाला. त्या दिवशी पाणी कधी सुटणार ते गावाला कुणी सांगितलं नाही.

ते गाव सोडून शहराजवळच्या नागापूरला गेले. तिथे एमआयडीसीत एका कारखान्याच्या फाटकावर राखणदाराचं काम धरलं. पिंजऱ्यात पुढे खरोखरच एक बिबट्या सापडला. गाडी आली, घेऊन गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी नळापाशी पुन्हा ठसे दिसले, आधीच्यांपेक्षा मोठे.

त्यांची म्हातारी आई गावातच राहिली. डोळ्यांनी तिला जवळजवळ दिसत नाही. परक्या खोलीत ती धडपडेल म्हणून त्यांनी तिला नेलं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत मी नागापूरला त्यांना भेटायला गेले. गळ्याला मफलर नव्हता. काही विचारलं की ते मान हलवून उत्तर देत होते. निघताना मी फोन पुढे केला. "आईसाठी दोन शब्द बोला. मी नेऊन ऐकवते."

ते फोनपासून मागे सरकले.

"नगं, बाई. तुमीच सांगा. बरा हाय म्हनावं. येळेवर जेवतो म्हनावं." आत शिरणाऱ्या ट्रकने हॉर्न दिला आणि ते फाटकाकडे वळले.

शाळा उघडली त्या दिवशी मी म्हातारीकडे गेले. ऊन कलायला लागलं होतं. मी निरोप सांगितला, त्यांनी सांगितला तसाच. ती ऐकत होती. मग तिने चाचपडत माझा हात शोधला, हातातला फोन काढून घेतला आणि कानाला लावला.

बाहेर शेजारीण पोरांना घाईघाईने घरात घेत होती. दारं लागत होती, एकामागून एक. म्हातारी फोन कानाशी धरून तशीच बसून राहिली.