पेटी सुरात लावून आणली
बाबांना झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. त्याला चार महिने झाले होते. त्यांना समजायचं सगळं, पण शब्द फुटायचा नाही. नुसतं 'अं' यायचं आणि मग ते रागाने मान फिरवायचे. बोलायचा व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, अशा माणसांना कधी कधी गाणं येतं, गाण्यामागून शब्दही येतात. ओळखीचं काहीतरी वाजवून बघा. बाबांच्या ओळखीचं म्हणजे पेटी. उरणजवळच्या आमच्या गावात देवळातलं भजन त्यांनी आयुष्यभर त्याच पेटीवर म्हटलं. त्याआधी ती आजोबांची.

आईबाबा तेव्हा करंजाड्याला माझ्याकडेच होते. गावाहून पेटी आणली, उघडली, तर भात्याला उंदरांनी भोकं पाडलेली. हवाच धरेना. पनवेलला एका पेटीवाल्यांकडे नेली. ते बोलायला सावकाश आणि मी जन्माची घायकुती. भोकांवर कागद चिकटवून त्यांनी एकेक पट्टी वाजवून पाहिली. म्हणाले, भाता नवा बसेल, पण सूरही उतरलेत; आतल्या पितळेच्या पत्त्या घासून लावाव्या लागतील.

"नुसता भाता करू, की सूर पण? घासलेली पत्ती परत पहिल्यासारखी होत नाही. घरी विचारून सांगा."

"सगळी लावून टाका," मी म्हटलं. करायचं तर नीट करायचं, हा माझा खाक्या.

रिक्षात बसले आणि मग लक्षात आलं. अगं बाई, बाबा त्या उतरलेल्या सुरांवरच गायचे की! सकाळी घाईघाईने फोन केला, तर निम्म्या पत्त्या झाल्या होत्या. आता अर्धवट सोडली तर बेसूर होईल, म्हणाले. पुढचे आठ दिवस जिवाला नुसता घोर. भाऊ म्हणाला, कशाला टेन्शन घेतेस, पेटी ती पेटीच. त्याला काय जातंय म्हणायला.

पेटी आली. आवाज एकदम स्वच्छ, मला गाण्यातलं काही कळत नाही तरी ते कळलं. आईने बाबांना उशीला टेकवून बसवलं. मी समोर बसून भाता हलवू लागले. त्यांनी डाव्या हाताने एक पट्टी दाबली. थांबले. पुन्हा तीच दाबली, मग शेजारची. कपाळाला आठी पडली आणि त्यांनी हात काढून घेतला. मला रडूच आलं. होता तो एक आधार, तोही मी घाईत घासून टाकला होता. आता हे कशाच्या जोरावर गाणार?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ दोनदा नुसतेच हलले.

"ही आपली नाय," ते म्हणाले.

आई पटकन त्यांच्या शेजारी पलंगावर येऊन बसली. "काय नाय आपली?" ती त्यांना विचारत होती. "परत सांगा. काय नाय आपली?"