आत्येचा गूळ

आमच्या चाळीतल्या आत्येला गुळाचं भारी वेड. काजूच्या कारखान्यातून आली की हातपाय धुण्याआधी तोंडात गुळाचा खडा. दात गेले, पण गूळ सुटला नाही. ती नेमकी कुणाची आत्ये, हे कधी कळलं नाही. आम्हा सगळ्यांचीच होती.

एका चैत्रात चाळीच्या मालकांनी विहिरीवरचा पंप बंद केला आणि आमचा नळ कोरडा पडला. "बिघडलाय, तुम्ही दुसरीकडे जागा बघा," म्हणाले. पंपाचा आणि जागेचा काय संबंध, ते त्यांनाच ठाऊक. चाळ पाडून इमारत बांधायची होती, हे मात्र अख्ख्या आळीला ठाऊक होतं. आम्ही टँकरमागे धावत सुटलो. आत्ये रोज सकाळी रिकामी कळशी घेऊन मालकांच्या पडवीत जाऊन बसायची. आता दारात आलेल्या माणसाला पाणी विचारायचं नाही, असं आपल्याकडे होतं का? मालकीणबाई मान खाली घालून तांब्याभांडं आणि गूळ आणायच्या. आत्ये पाणी प्यायची आणि गूळ बाजूला सारायची.

"गूळ नको वयनी. गूळ पावण्याला. मी भाडेकरू हाय, माजं पाणी हक्काचं."

गुळावर जीव टाकणारी बाई, पण त्या पडवीत तिने कधी खड्याला बोट लावलं नाही. मग आम्हीही कळश्या घेऊन तिच्याशेजारी बसू लागलो. मालकीणबाईंची तारांबळ बघवेना.

भाडेकरूचं पाणी मालकाला असं तोडता येत नाही, कोर्टात अर्ज करा, असं आम्ही गाठलेल्या वकिलांनी सांगितलं तेव्हा आत्ये म्हणाली, "मंग मी काय येवढे दिवस हवा खायला बसलेय?" आम्ही अर्ज केला आणि कोर्टाने पंप चालू करायला लावला. नळ वाहू लागला, तेव्हा आत्येने आपली कळशी सगळ्यांच्या मागे लावली.

आणि ते पाणी सोडून पुढे आम्हीच निघालो. पावस गावाच्या रस्त्याला फ्लॅट घेतला. एकेक बिऱ्हाड उठलं. आत्ये राहिली. नव्या घरात चोवीस तास पाणी आहे, पण नळावर हाक मारायला कुणी नाही. तिची फार आठवण येते.

गेल्या मे महिन्यात भेटायला गेले. तिने त्याच नळाचं पाणी भांड्यात भरून दिलं आणि शेजारी गुळाचा खडा ठेवला.

मी पाणी प्याले. खडा बाजूला सारून म्हटलं, "गूळ नको आत्ये."

ती हसली. पाठीवरून हात फिरवला. पण खडा तिने उचलला नाही, माझ्यापुढेच राहू दिला.