चावलेली भाकरी

खांद्यावरच्या पंच्याने आधी मान पुसायची आणि मग त्याच पंच्याने ताट. ते ताट माझ्यापुढे सरकवून तो म्हणायचा, “खाई ल्या मास्तर, घरनंच शे.”

असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. हा विसरवाडीला सुरतेच्या रस्त्यावर खाणावळ चालवायचा. मूळचा रनाळ्याचा. बायको भाकऱ्या थापायची, सून वाढायची आणि तो गिऱ्हाइकांशी गप्पा मारत हिंडायचा. मी शाळेवर नवा, एकटा. गावात दुसरीकडे जेवायची सोय नव्हती. डाळीत माशी पडली तर तो ती बोटाने काढायचा आणि तेच बोट मिठाच्या वाटीत घालायचा. मला किळस यायची. अर्धी भाकरी चावून मी तशीच टाकून उठायचो.

पानात टाकलं की आपल्याकडे कुणीही रागावतं. हा मात्र खुलायचा. “ऱ्हाऊ द्या, वाया नई जात,” म्हणायचा. मला वाटायचं, गाईला घालत असेल.

तसा वाईट म्हणावा, तर मला हिवताप आला तेव्हा आठ दिवस हाच पेज घेऊन यायचा. पेल्यात त्याचा अंगठा बुडालेला असायचा. मी डोळे मिटून प्यायचो. त्या पेजेवरच उठलो, हे कबूल करायलाच हवं.

एका दुपारी हात धुवायला मागच्या दाराला गेलो. डोंगराकडची एक भिल्ल बाई लाकडाची मोळी टाकून उभी होती. सून ताटांतलं उष्टं तिच्या फडक्यात ओतत होती. सगळ्यात वर माझी भाकरी होती, माझ्या दातांच्या खुणांसकट. तीन कोस डोक्यावर आणलेल्या मोळीचा तोच मोबदला. मी हात न धुताच आत गेलो.

त्याला विचारलं तर तो चकितच झाला. चांगली भाकरी गिऱ्हाइकाची, उष्टी मोळीवालीची, अशी रीतच होती म्हणे. मग मी रोज एक भाकरी हात न लावता ताटात ठेवू लागलो. पहिल्याच दिवशी त्याने ती उचलली, फुंकर मारून टोपलीत परत टाकली.

“हाई उष्टी कोठे शे?” म्हणाला, आणि समोरच्या गाडीवानाला तीच वाढली.

म्हणजे भाकरी तिच्यापर्यंत पोचवायची तर ती उष्टी करणं भाग होतं. मी तेच सुरू केलं. पहिली भाकरी खायची, दुसरीच्या कडेला एक घास चावायचा आणि ठेवून द्यायची. सरळ विकत घेऊन तिच्या हातात देता आली असती. पण मास्तर असं करतो म्हणून गावात चर्चा होईल, याची मला भीती. वर आपण मोठं पुण्य करतोय, असंही वाटायचं.

एके दिवशी ती मोळीवाली पुढच्याच दाराला आली. मी नेमका भाकरीला दात लावून ती बाजूला ठेवत होतो. तिने ते पाहिलं. डोक्यावरची मोळी खाली ठेवून तिने त्याच्याकडे एक कोरी भाकरी मागितली. तो हसला आणि रीत सांगू लागला.

“मी काय अर्धं जळेल लाकूड आनस?” ती म्हणाली. अर्धवट जळालेलं लाकूड आणते का, हे विचारलं त्याला, पण पाहत होती माझ्याकडे.

कुणाचा हात न लागता तिने मोळी परत डोक्यावर घेतली आणि निघून गेली. पुन्हा आली नाही.

दुसऱ्या दिवशी ओल्या लाकडांच्या धुराने खाणावळ भरली होती. तो चुलीपाशी फुंकणी घेऊन बसला होता. “दहा वरीस जेवाडं तिले मी,” एवढंच म्हणाला. त्याला खरोखर लागलं होतं. आपलं काय चुकलं, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याने पंच्याने डोळे पुसले आणि मग त्याच पंच्याने माझं ताट पुसलं. त्या दिवशी मी दोन्ही भाकऱ्या संपवल्या. रिकामं ताट उचलून तो चुलीकडे परतला.

पुढे माझी बदली झाली. तो गेल्याचं मागाहून कळलं. सांगणारा म्हणाला, फार मोठ्या मनाचा माणूस. पेज आठवून मी मान हलवली. पण आजही ताटात दुसरी भाकरी पडली की तिच्या कडेला मला माझे दात दिसतात. किळस येते, आणि ती त्या पंच्याची नसते.