पोवळेवाले सर

पोवळेवाल्या सरांना पोहता येत नव्हतं. समुद्रातल्या पोवळ्यांवर संशोधन करणारा हा माणूस आमच्या सानगडीच्या तलावात गुडघाभर पाण्यातही माझा दंड घट्ट धरायचा. भंडाऱ्याच्या कॉलेजातले बाकीचे प्राध्यापक चिडवायचे. सर म्हणायचे, "चंद्राचा अभ्यास करनारा चंद्रावर राहते का?"

मी त्यांच्या प्रयोगशाळेत कामाला होतो. मासे धरणाऱ्या ढीवराच्या घरात, शिंगाडे काढत वाढलेला. बुडी मारली की बराच वेळ दम धरायचो. म्हणून सत्तरचं दशक सरता सरता त्यांनी मला एका दूरच्या बेटावर नेलं. तिथल्या नौदलतळाजवळची पोवळी धड आहेत का, हे पाहायचं होतं. मी गाठी मारलेली दोरी तळाशी ताणायचो. प्रत्येक गाठीखालचं पोवळं जिवंत की मेलेलं, ते वर येऊन सांगायचो. सर होडीत छत्री उघडून बसलेले, मी सांगेन ते वहीत लिहायचे.

त्यांचा एकच हेका होता. "अंदाज नको सांगू गड्या. दिसलं तेच सांग. माहे डोळे म्हंजे तू." एवढ्या वाक्यावर मी तीन हिवाळे त्या पाण्यात काढले. संध्याकाळी माझ्या कानात ते स्वतः कोमट तेल घालायचे, आधी आपल्या मनगटावर थेंब टाकून पाहायचे. इतकी माया मला बापानेही लावली नव्हती.

नौदलाच्या बोटींच्या धक्क्यापाशी मात्र प्रत्येक गाठीखाली मेलेलंच. धक्का वाढवायला खोदाई चालली होती, तिचा गाळ पोवळ्यांवर बसला होता. सरांनी मला दोनदा परत खाली पाठवलं. दोन्ही वेळा तेच.

"मंग तसंच लिहू," सर म्हणाले.

पुढे अहवालावर साहेबलोकांची बैठक झाली. नमुन्यांची पेटी घेऊन मी मागे उभा. एका अधिकाऱ्याने विचारलं, धक्क्यापाशीच सगळं मेलेलं कसं? सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हसून म्हणाले, "तालाब का आदमी है साहब, उसको हर जगह कीचड़ ही दिखता है."

सगळे हसले. धक्क्यापाशीच्या गाठी अहवालातून वगळल्या गेल्या आणि सरांना पुढच्या कामाची मंजुरी मिळाली. परक्याने म्हटलं असतं तर मी भांडलो असतो; सरांशी कसं भांडायचं, हेच मला कळेना.

परतीच्या गाडीत ते म्हणाले, "समजून घे गड्या. नाहीतर सारं कामच बंद झालं असतं." महिन्याभरात मी नोकरी सोडली आणि जाळं घेऊन तलावावर परतलो.

काही वर्षांनी माझ्या बहिणीच्या लग्नाला सर न बोलावता आले. केस पिकले होते. पंगतीत बसल्या बसल्या साऱ्यांना सांगू लागले, "याच्यासारखी नजर मी कुठंच नाही पाह्यली. याची एक गाठबी चुकली नव्हती."

गाव कौतुकाने माझ्याकडे पाहू लागलं. मी वाकून त्यांच्या पानावर वरण वाढलं.

"सर, हे इथं कोनाले सांगून राहिले?" मी म्हणालो. "इथं तर कोनी इचारलंबी नव्हतं."