व्हेनिसच्या पुलांवर व्हीलचेअर चालत नाही

"बॅग उचला आणि वर चढा," मी म्हणाले. मीनाकाकूंनी आधी जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिसऱ्या पायरीला त्यांना कठडा धरावा लागला. बॅग सतरा किलोची होती.

मी ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या एका हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. काकूंचा उजवा गुडघा बदलून पाच महिने झाले होते आणि महिन्याभरात त्या एकट्या व्हेनिसला निघाल्या होत्या. जन्मभर आधी नवऱ्याच्या, मग मुलाच्या मागून फिरल्या. आता एकदा नकाशा स्वतःच्या हातात हवा होता. झेपणार नसेल तर तिकीट कॅन्सल, असं मुलाने, निखिलने, बजावलं होतं.

"बारा पायऱ्या चढते ना? डिस्चार्ज कर, मेट," माझी बॉस हेलन म्हणाली. कागदोपत्री तिचं बरोबर होतं. पण व्हेनिसच्या जुन्या भागात गाड्या नाहीत. कालवा आला की पायऱ्यांचा पूल, आणि सामान आपलं आपण उचलायचं.

"मी व्हीलचेअर बुक केलीये, नो वरीज," निखिल फोनच्या स्पीकरवरून म्हणाला.

"गुडघ्यासाठी?"

"नाही गं. तिला गेट, इमिग्रेशन काही कळत नाही. ऑपरेशनच्या आधीपासून करतोय. आपल्याकडे सगळेच करतात."

करतात खरे. धडधाकट आईवडील खुर्चीत बसून विमानतळ पार करतात. मला रागच आला.

"आणि एअरपोर्टच्या बाहेर ती खुर्ची कोण ढकलणार?"

निखिलच्या आधी काकूच बोलल्या, "कॅन्सल कर ती."

"आई, बट..."

"कर म्हटलं ना!"

मग आम्ही कंबर कसली. बॅगेतून कुकर आणि भाजणी बाहेर काढली. सात किलोची सॅक पाठीवर, म्हणजे कठड्याला हात मोकळा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. तिथे बसऐवजी बोट असते. ती थांब्याला बांधल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. हॉटेलला फोन करून एकच विचारायचं, बोटीच्या थांब्यापासून तुमच्या दारापर्यंत पूल किती? पहिल्या हॉटेलने चार सांगितले. काकूंनी ते सोडून एकच पूल लागणारं घेतलं. चार आठवडे त्या रोज स्टेशनचा जिना सॅक घेऊन चढल्या. लिफ्टकडे बघायचंही नाही, असं मी सांगून ठेवलं होतं.

व्हेनिसहून दुसऱ्या दिवशी मेसेज आला. "हरवले. अकरा पूल झाले. गुडघा सुजलाय, बर्फ लावून बसलेय. निखिलला सांगू नकोस. उद्या पुन्हा भटकायला जाणार."

मी खूप हसले. मग माझ्या आईचं पुण्याहून येण्याचं बुकिंग उघडलं. व्हीलचेअर: होय. मीच केलं होतं, तिचे गुडघे माझ्यापेक्षा बरे असताना. ते काढून टाकलं.

आई सिडनीला उतरली, स्वतःची ट्रॉली ढकलत बाहेर आली आणि खुर्ची का काढलीस म्हणून सगळ्यांसमोर मला झाडलं. कार पार्किंगपर्यंत मात्र माझ्या दहा पावलं पुढे होती.