वहिनींचं वेगळं खातं

अण्णा कुणाच्याही घरी आले की चहाच्या आधी तळघरात जायचे. अमेरिकेतल्या डब्लिनमधल्या आम्हा मराठी मंडळींपैकी निम्म्यांच्या घर तापवणाऱ्या फर्नेसचे, हवा गाळायचे फिल्टर त्यांनीच बदलले असतील. कुणाला कोणत्या मापाचा लागतो ते त्यांना तोंडपाठ. नवा फिल्टर डिकीत तयारच असायचा. वर येऊन हात धूत म्हणायचे, "श्वास तरी चांगला घ्या रे! बाकीचं बघायला मी आहे ना."

बाकीचं म्हणजे सगळंच. गाडी, पोरांची कॉलेजं, रिटायरमेंट. गणपतीच्या जेवणात आम्ही बायका उकडीबद्दल बोलत असलो तरी अण्णा मध्येच टॅक्स वाचवायची युक्ती सांगणार. आम्ही चेष्टा करायचो, पण अण्णांना विचारल्याशिवाय आमच्यात पान हलत नसे.

आजारपणासाठी करमुक्त पैसे साठवायची हेल्थ सेव्हिंग्ज खाती निघाली, तीही आम्हाला त्यांनीच पटवली. खातं यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, कंपनीतून यांच्या नावाने उघडलं. मी विचारलं, "माझ्याही नावाने एक उघडू का?"

"मालती, संसार एक, खातं एक. तुला काय घटस्फोट घ्यायचाय?"

मीही हसले. माझ्या नावावर कुठेच काही नव्हतं, आणि गुडघे तर तेव्हापासूनच कुरकुरत होते.

हे पासष्टचे व्हायला आले. अण्णा यांच्याहून थोडे मोठे, मेडिकेअरवर, म्हणजे पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्यविम्यावर, आधीच गेलेले. नोकरी मात्र दोघांचीही चालूच होती. मी मुद्दाम अण्णांच्या घरी गेले. "आता हेही मेडिकेअर घेणार. खात्याचं काही बदलायचं का?"

ते डाळिंब सोलत होते. वर न बघताच म्हणाले, "तू कशाला डोकं शिणवतेस? चाललंय तसं चालू दे. मी आहे ना."

तसंच चालू दिलं. पगारातून यांच्या खात्यात भर पडत राहिली, आणि मग कळलं की मेडिकेअर सुरू झाल्यावर त्यात एक डॉलरही घालता येत नाही. जादा भरलेलं काढून घ्यावं लागलं, वर दंड. तरी मला कळवळा आला तो अण्णांचाच. बिचाऱ्यांना ठाऊक नसेल! माणूस आहे, चुकतो.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांची बायको, आमच्या वहिनी, तीळगूळ देता देता म्हणाल्या, "अगं, तू अजून नाही उघडलंस? यांनी मेडिकेअर घेतलं तेव्हाच माझ्या नावाने वेगळं खातं काढलं. नवऱ्याचं थांबलं तरी बायकोचं तिच्या पासष्टीपर्यंत चालू ठेवता येतं ना!" त्या माउलीला वाटलं, मला हे माहीतच असणार.

वडी तोंडात तशीच राहिली. अण्णा नुसते चुकले असते तर मी कधीच विसरून गेले असते. पण त्यांना चूक आधीच कळली होती. स्वतःच्या घरातली त्यांनी गुपचूप निस्तरली, आणि मी दारात जाऊन विचारलं तेव्हा मला खुशाल खड्ड्यात जाऊ दिलं. सख्ख्या भावावर ठेवला नाही इतका विश्वास मी त्या माणसावर ठेवला होता. फार लागलं ते.

मी त्यांना तोंडावर विचारलं. म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर सगळ्यांनाच सांगावं लागलं असतं गं. सगळ्यांना मीच तसं करायला लावलं होतं."

"मग सांगायचं होतं, अण्णा."



पुढच्या थंडीच्या तोंडावर ते दोघं मुलीकडे टेक्ससला कायमचे निघाले. निरोप घ्यायला अण्णा आले ते हातात फिल्टर घेऊनच, आणि सवयीने तळघराकडे वळले.

"राहू द्या अण्णा. मी बदललाय."

पहिल्या पायरीवर ते थांबले. माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि फिल्टर परत डिकीत नेऊन ठेवला.

मी बदलला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले, तर मापच ठाऊक नाही. हात आपसूक फोनकडे गेला, अण्णांचा नंबर लावलासुद्धा, आणि रिंग जायच्या आत बंद केला. घरी आले, टॉर्च घेऊन तळघरात उतरले आणि धुळीने भरलेला जुना फिल्टर बाहेर ओढला. माप त्याच्या कडेवर ठळक छापलेलं होतं.