पायाळूची मुकी लाथ

आधीच हात जोडतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढं निजामाच्या शाळेत उर्दू लागली आणि मी बैलांमागं लागलो. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, शब्द ओबडधोबड वाटले, तर पोटात घाला. आणि पोटाचं नाव निघालंच आहे तर सांगूनच टाकतो, कारण माझी सगळी फजिती एका पोटापायी आणि एका पाठीपायी झाली.

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्यानं न येता पायानं आलो. इतर मुलखात अशा माणसाला काय समजतात ठाऊक नाही, पण आमच्या वसमतकडच्या खेड्यांत त्याला मान फार. कुणाच्या पाठीत उसण भरली, चमक निघाली, की त्याला पालथं निजवायचं आणि पायाळूनं पाठीत लाथ घालायची. बस्स! डॉक्टर होता कुठं तेव्हा? होतो तो मीच.

मात्र नियम कडक. पहाटे जायचं. डाव्या पायानं तीन लाथा. आणि घरून निघाल्यापासून परत येऊन चूळ भरेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. शब्द निघाला की गुण गेला!

मला हा नियम फार आवडायचा. मी जन्माचा लाजरा. न बोलता करायचं असं एक काम देवानं माझ्यासाठी शोधून ठेवलं होतं, याचं मला कौतुक वाटायचं.

पण याच लाजेपायी दोन जागी माझं लग्न फिसकटलं होतं. पाहुण्यांनी नाव विचारलं, आणि मी खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं सारवण उकरत बसलो. "पोरगं मुकं हाय" अशी आवई उठली. आता औंढ्याकडचं तिसरं स्थळ यायचं होतं. आईनं दम भरला, "या खेपेला नाव तरी सांग रे बाबा. न्हाईतर जन्मभर माझ्याच हातच्या भाकरी खात बसशील, अन् मी काय जन्माला पुरनार हाय का?"

दिवस हळद शिजवायचे. काय ते दिवस! गावाबाहेर कढयांखाली जाळ पेटलेले, सगळ्यांचे हात पिवळे, आणि उकडलेल्या हळदीचा तो वास पार घरातल्या दुधापर्यंत पोचलेला. आता मी हिंगोलीला कापसाच्या जिनात असतो. पण थंडी सरायला लागली की अजून मधेच हात थांबतो आणि नाक तो वास शोधायला लागतं.

तर आमच्या मागच्या गल्लीतले सखारामकाका हळदीची कढई उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. सरळ होईनात! सांजच्याला काकू आल्या.

"पहाटं ये बाबा. काकाला वसरीवर पालथं टाकून ठेवते. आलास की घाल लाथ अन् जा."

पहाटे गेलो. ओसरीवर अंधार. घोंगडं पांघरून एक देह पालथा पडलेला, मधूनमधून कण्हत होता. काका जरा रुंद वाटले. म्हटलं, सुजले असतील बिचारे.

घातली पहिली लाथ.

"आई आई गं! कोण हाय बे?"

मी गप्प. पहिल्या लाथेला सगळेच ओरडतात. आवाज घोगरा वाटला, पण रात्रभर कण्हून बसला असेल. घातली दुसरी.

"काहून मारून राहिला बे? काय केलं म्या तुझं?"

आता तुम्हीच सांगा, दोन झाल्यावर तिसरी सोडता येते का? देह उठायला बघत होता. मी खांदा दाबून धरला आणि तिसरी चांगली मन लावून घातली!

तेवढ्यात घरातून ओरडा आला, "अगं, कोन हाय वसरीवर? मला तर उठताबी येईना!"

हे सखारामकाका! काका आत, मग पायाखाली कोण? घोंगड्यातून भल्यामोठ्या मिशांचा एक अनोळखी चेहरा बाहेर आला. विचारायची सोय नाही, माफी मागायची सोय नाही. मी धूम ठोकली.

मागं वळून बघतो तर मिशीवाला हातात तांब्या घेऊन धावतोय! म्हटलं, हा तांब्या माझ्या डोक्यात बसणार. मी गल्लीतून आडाकडं, तोही आडाकडं. मी शिवारात, तोही शिवारात. शेवटी एका बाभळीमागं दडलो. तो नेमका त्याच बाभळीशी आला, आणि बसला.

तेव्हा मला कळलं. तो माझ्या मागं लागलाच नव्हता.

"तिकडं तोंड कर रे लेकरा," तो म्हणाला. मी केलं.

जरा वेळानं बाभळीपलीकडून आवाज आला, आता एकदम मऊ. "राती वांग्याच्या भाजीवर लई ताव मारला. पोटाचा दगड झाला. पाठीत सुदिक कळा. इथल्या बाईनं एरंडेल पाजलं, पन रातभर ढिम्म! पोट दाबून पालथा पडलो होतो, तर तू आलास. कुनाचा रे तू?"

मी गप्प. काकांची पाठ अजून बाकी होती ना, शब्द कसा काढू?

"मुका हायेस काय?"

मी मान उभी हलवली. आडवी हलवली असती तर काय बिघडलं असतं? हे मला आज सुचतं!

"अरेरे," तो हळहळला. "पाय मात्र गुनाचा हाय तुझा."

घरी आलो तर आई चुलीपुढं खुशीत. "अरे, औंढ्याचे पाव्हने कालच आले! सखारामभाऊजीच्या घरी उतरलेत, साडू लागतात त्यांचे. भाऊजीला थंडी बाधंल म्हनून आत घेतलं अन् पाव्हन्याला वसरी दिली."

माझ्या हातातला चुळीचा तांब्या तिथंच राहिला.

दुपारी आमच्या घरी सतरंजी टाकली. मिशीवाले पाहुणे आले, मला पाहिलं आणि उभेच राहिले.

"अवो बाई, हा तर मुका हाय! म्या सोता विचारलं. त्यानंच सांगितलं!"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "न्हाई हो दादा, लाजरा हाय नुसता. बोल ना रे! नाव सांग!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. अंगठा सारवणावर गेला. पण आईच्या तोंडाकडं पाहिलं, डोळे मिटले आणि जीव खाऊन तोंड उघडलं. नाव सांगायचं होतं हो, शपथ! बाहेर पडलं ते भलतंच.

"पोट कसं हाय आता?"

पाहुण्यांनी आधी माझ्याकडं, मग आपल्या पोटाकडं पाहिलं. मग पाहुणे असे हसले की मिशा थरथरायला लागल्या. "बोलतंय की पोरगं! अन् सासऱ्याच्या पोटाची फिकीर बी करतंय! अहो, एरंडेल रातभर झोपलं होतं, यानं लाथ घालून उठवलं त्याला. पाठ बी बराबर झाली. पोरगी दिली म्या!"

काकू सांगत होत्या की एरंडेलाला वेळ लागतोच. पण ऐकतो कोण? मीही बोललो नाही. लग्न जुळत असताना एरंडेलाची बाजू कशाला घेऊ?

साखर वाटली. फक्त काकांच्या घरातून निरोप आला, "अन् माझी पाठ?"

म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे परत गेलो. ओसरीवर शेजारी शेजारी दोन घोंगडी! आता मी शहाणा झालो होतो. आधी कोपरा उचलून बघितला. हे काका. त्यांना दोन लाथा घातल्या. शेजारून दुसरं घोंगडं हललं आणि मिशा बाहेर आल्या. सोयरीक जुळल्याच्या आनंदात मामांनी रात्री परत वांग्यावर ताव मारला होता, आणि एरंडेल न घेताच रांगेत येऊन निजले होते.

सासऱ्याला नुसती लाथ कशी मारायची? मी वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि काल एवढ्या मुश्किलीनं उघडलेलं तोंड आज आपोआप उघडलं.

"नमस्कार करतो, मामा!"

"बोललास ना लेका!" काका पालथ्या पालथ्याच ओरडले. "गेली माझी पाठ!"

आणि मी "चुकलं काका, चुकलं मामा, चुकलं काकू" असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलत बोलत थेट घरापर्यंत गेलो.